चमचाभर दही

"लाईन मोकळी ठेव बाबा," म्हणून वहिनी फोन कापायच्या. पलीकडं सख्खा भाऊ असो, की लॉटरी लागली म्हणून सांगणारा चोर. त्या आमच्या शाळेत पोषण आहार शिजवत. स्वयंपाकखोलीत रेंज नव्हती, म्हणून मोबाईल कॅरीबॅगेत घालून कडुलिंबाच्या फांदीला टांगलेला असे. तो वाजला की सगळी शाळा गप्प.

फोन यायचा होता पुण्याच्या दवाखान्यातून. त्यांच्या मुलासाठी हृदय मिळालं, हे सांगणारा.

पोरगं मी शिकवायचो त्याच वर्गात, दुसरीत. त्याला जन्मापासूनचा, लाखात एखाद्याला होणारा आजार. डाळ, दूध, अंडी त्याच्या अंगी लागत नव्हती. त्यांचं रक्तात विष व्हायचं. त्या विषानं हृदय फुगून थकलं होतं. नवरा ऊसतोडीला कर्नाटकात. मी आमच्या वस्तीतला पहिला ग्रॅज्युएट, हे अभिमानानं सांगतो. म्हणून दवाखान्यात सोबत मीच जायचो. डॉक्टर म्हणाले, "हृदय बदलून मूळ आजार जाणार नाही. पण मूल जगू शकेल."

"मग बास," वहिनी म्हणाल्या. "पथ्याचं मी बघते."

साऱ्या शाळेला डाळीची खिचडी वाढायची आणि आपल्या पोराच्या ताटात साबुदाण्याची पेज. कुणी लाडानं त्याच्यापुढं पेढा धरला, की "त्याला कावून? मला द्या, मी लई हावरी हाय," म्हणत स्वतःच्या तोंडात टाकायच्या. पोरगं खुदकन हसायचं. तुम्हीही हसला असता.

शेजारच्या बायका हृदय लवकर मिळावं म्हणून नवस बोलायला निघाल्या, तेव्हा मात्र वहिनी आडव्या आल्या. "लवकर म्हणू नका गं. ते कुण्या तरी लेकराचंच असंल. त्याची माय बी त्याला जेवू घालत असंल आज."

एका सकाळी फोन आला. जीप दारात लागली. वहिनी पिशवी भरून वळल्या, तर पोराचा वरचा ओठ पांढरा. सासूच्या हातात वाटी.

"आत्या, काय दिलं?"

"चमचाभर दही-साखर. एवढ्या मोठ्या कामाला लेकराला रिकाम्या तोंडी कसं धाडू?"

वहिनींनी पदरानं ओठ पुसला. त्याला उचलून जीपमध्ये बसल्या.

कडा गाव ओलांडलं आणि उलट्या सुरू झाल्या. पुण्यात पोचेपर्यंत पोरगं डोळे उघडेना. अंगात ताप, रक्तात विष चढलेलं. अशात ऑपरेशन करता येईना. आलेलं हृदय दुसऱ्या मुलाला दिलं.

"बसलं का त्याला नीट?" वहिनींनी विचारलं. नर्स हो म्हणाली. त्यांनी मान हलवली.

आपलं पोरगं त्याच आठवड्यात गेलं.

दह्याचं मी डॉक्टरांना विचारलं. वहिनी शेजारीच होत्या. "ताप आतून आधीच असणार. दह्यानं भर पडली का, ते नक्की सांगता येणार नाही," ते म्हणाले.

मातीनंतर सासूनं अन्न सोडलं. वहिनी तिच्यापुढं ताट घेऊन बसल्या. "आत्या, डॉक्टरला इचारलंय आमी. दह्यानं न्हाई झालं. सरांना इचारा."

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं.

"न्हाई झालं," मी म्हणालो.

वहिनींनी भाकरी कुस्करून तिला घास भरवला. मग मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. मी गेलो, तर माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सर, त्या दह्याचं आता मला बी कधी काय सांगू नका."

पोरगं होतं तोवर त्या ऊसतोडीच्या हंगामाला मागं राहायच्या. यंदा दिवाळी झाली आणि नवऱ्याबरोबर टोळीत गेल्या. सासू घरी आहे. जाता-येता मी बघतो. दोन्ही वेळा जेवते.