दोघा भावांची दोन ताटं

आमच्या घराण्यात पुरुषांचं पोट पुढे असतं. हातपाय काटकुळे आणि मधे तेवढा घेर. वडिलांचं तसंच होतं. एका दुपारी शेतातून येऊन ते ओट्यावर टेकले आणि गेले. गावानं म्हटलं, मरण चांगलं आलं. हृदयाचा आजार हा शब्द कोणी काढला नाही.

थोरल्या भावाच्या छातीत कळ आली ती केळीच्या बागेत. त्याला सुरतला नेलं, स्टेंट टाकला. तिथल्या डॉक्टरांनी सोबत आलेल्या माझ्याही कमरेला टेप लावली. म्हणाले, "तुमचं वजन फार नाही, पण आहे ती चरबी पोटात आहे. हृदयाला हीच जास्त घातक." मी नंदुरबारला नोकरीत, दिवसभर खुर्चीवर. घाबरलो.

भावाची मुलगी पुण्यात आहारशास्त्र शिकते. तिनं आम्हा दोघांची थुंकी नळीत घेऊन जनुकांच्या तपासणीला पाठवली. अहवाल आले तेव्हा ती गावीच होती. ओसरीवर बसून तिनं समजावलं. मला तूप, साय, तळलेलं इतरांपेक्षा जास्त बाधण्याची शक्यता होती. भावाला तूप थोडं चाललं असतं, पण गूळ, साखर, भात, मैदा यांत हात आखडता घ्यायचा होता.

"काका, हा नुसता कल आहे. असंच होईल असं नाही," ती म्हणाली.

भावानं दोन्ही अहवाल शेजारीशेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाला, "आपन एकच मायना पोटना लेक. मंग जेवन येगळं कसं?"

तिनं सांगितलं की सख्ख्या भावांतही काही जनुकं वेगळी असतात. त्याला ते पटलं नाही. खरं तर मलाही आवडलं नाही. तूप त्याला आणि मला नाही, हे ऐकून मी मनातून चिडलो होतो.

पुढच्या रविवारी शेतावर वरण-बट्टी होती. वहिनीनं भावाच्या कुस्करलेल्या बट्टीवर चमचाभर तूप सोडलं आणि माझ्याकडे न बघता पुढे गेली. मी कोरडी बट्टी वरणात कालवून खाऊ लागलो. भावानं घास हातात घेतला, माझ्या ताटाकडे पाहिलं आणि ताट बाजूला सारलं.

"माले बी कोरडीच दे," तो वहिनीला म्हणाला.

"तुला तूप चालतं ना?" मी म्हणालो.

"चालस. पन गयाखाले उतरत नहीं," तो घशाकडे बोट करून म्हणाला.

तेव्हापासून त्यानं तूप सोडलं. मग मला त्याच्यासमोर गोड चहा घेववेना, म्हणून मीही साखर सोडली. भाताऐवजी दोघंही दादर ज्वारीची भाकरी आणि मुगाची भाजी खाऊ लागलो. रविवारी मी गावी गेलो की दोघंही बांधाबांधानं तापी नदीपर्यंत चालायचो. सुरुवातीला भाऊ मधेच थांबून दम घ्यायचा.

पुतणी वैतागली. "दोघांना वेगळा आहार मिळावा म्हणून तपासणी केली, आणि तुम्ही दोघांची पथ्यं एकत्र करून खाताय."

हिवाळ्यात दोघांचं रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल उतरलं होतं, कंबरही थोडी कमी भरली. नंदुरबारच्या डॉक्टरांना मी विचारलं, हे जनुकांप्रमाणे खाल्ल्यामुळे झालं की चालण्यामुळे? ते म्हणाले, एवढ्यावरून सांगता येणार नाही. भावाच्या गोळ्या बंद करू नका आणि चालणं सोडू नका.

भावानं विचारलं, "काय म्हने डॉक्टर?"

मी सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि बागेला पाणी द्यायला गेला.