शॉक घ्याले गेलेली आई

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे असं वाटत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि प्रॅक्टिकलच्या वह्यांपलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. चुकलं तर माफ करावं.

आईची टाच दुखायची. दिवसभर कापूस वेचून आली की रात्री बरी असे, पण सकाळी उठताना भिंत धरल्याशिवाय पाऊल टेकवत नसे. गोळ्यांनी उतार पडेना, तेव्हा नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी शॉकवेव्ह सांगितलं. मी चिखलीच्या कॉलेजातून येऊन तिला घेऊन गेलो. तिथल्या मॅडमनी टाचेला जेल लावून पिस्तुलासारखं यंत्र टेकवलं. सुतारपक्षी चोच मारतो तसा आवाज सुरू झाला. आईनं माझं मनगट सोडलं नाही.

बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबू, करंट तर लागलाच नाही."

"करंट नसतोच त्यात. दाबाचे ठोके असतात."

"मंग शॉक काऊन म्हनतेत?"

मी अडखळत 'आघात-लहरी' म्हणालो.

"हे तं त्याहून बेकार. शॉकच बरा."

परतताना काळीपिवळीत ओळखीची एक बाई भेटली. "काय वं, कुठं गेलती?"

"शॉक घ्याले. अजून या लागते."

"काऊन, घरच्यायले मारत होती का?"

गाडीतले सगळे हसले. आईही हसली. आमच्याकडे शॉक देतात तो डोकं फिरलेल्या माणसाला, हे तिलाही माहीत होतं. पण आपलं दुखणं तर टाचेचं, त्यात सांगायचं काय, म्हणून तिनं खुलासा केला नाही. मला ती थट्टाच वाटली.

त्या दिवसांत ताईची सोयरीक वरवट बकालला जमत आली होती. मुलगा पाहून गेला होता, पसंतीही कळवली होती. फक्त सुपारी फुटायची होती. गाडीतल्या बाईचं माहेर तिथलंच.

पुढच्या खेपांना आई एकटी गेली. पाय हलका वाटतो, असं फोनवर सांगायची. वरवटचं विचारलं की म्हणायची, "येतीन. वेचणी चालू असन त्यायची."

मी लॅबबाहेर उभा असताना ताईचा फोन आला.

"वरवटवाले नाही म्हनले."

"काऊन?"

"घरात डोक्याची बिमारी हाय म्हनतेत. लेकरायत उतरते म्हनतेत."

"आईले कळलं?"

"तिच्या हातचा चहा पेले अन् तिच्यासमोरच सांगून गेले."