दार नसलेली कचेरी

काकींच्या साबण कारखान्यात कचेरीला दार नव्हतं. पूर्वी होतं. नदीच्या दोन काठांत लढाई पेटली तेव्हा काकींच्या दिरानं ते दार लावून कुणाशी तरी गुपचूप ठरवलं आणि दुसऱ्या सकाळी पलीकडच्या काठाच्या कामगारांना फाटकावरूनच हाकललं. काकी स्वतः होडी घेऊन त्यांना परत घेऊन आल्या. मग दार बिजागऱ्यांसकट उखडून त्याचं टेबल केलं. वड्या त्यावरच कापल्या जात. काही ठरवायचं तर यंत्र बंद करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आज पुलाच्या नाक्यावरचा नाकेवाला आला. पुलावर त्याचे बंदूकवाले. त्याच्या मर्जीशिवाय मालाची गाडी हलत नसे.

"काकी, जरा बाजूला या," तो हळूच म्हणाला. "पलीकडचे तेवढे काढा. गाड्यांचं मी बघतो."

काकींचा पुतण्या त्यांच्या कानाशी लागला. "ऐका काकी, नाहीतर कुलूप लागेल आपल्याला."

"मग सगळेच ऐकू." काकींनी यंत्राचा खटका ओढला.

कढईतला साबण ढवळणारं यंत्र थांबलं.

"अहो, कढईतला सगळा घाणा घट्ट होईल!" पुतण्या ओरडला.

"होऊ दे. बोला साहेब, मोठ्यानं."

नाकेवाल्यानं घसा खाकरला. "ज्यांचं गाव... म्हणजे जे पलीकडचे—"

"भावजी," टेबलापाशी नाकेवाल्याची थोरली वहिनी उभी होती, हातात वडी कापायची तार. "माझं माहेर पलीकडचंच. लहानपणी तुम्हाला न्हाऊ घालायचे, तेव्हा नाही विचारलंत हात कुठल्या काठाचे ते! डोळ्यांत साबण गेला की केवढे बोंबलायचात!"

छपराचे पत्रे हादरतील असं हसू फुटलं. फाटकावरचा बंदूकवालाही तोंड फिरवून हसत होता.

"वहिनी, पुरे."

"पुरे कसं? काढताय ना मला? म्हणा की."

तो वहिनीच्या हातांकडे बघत राहिला. साबणातल्या कॉस्टिक सोड्यानं भेगाळलेले हात.

"कुणाला काढायचं नाही," तो पुटपुटला.

"मोठ्यानं," काकी म्हणाल्या. "आणि गाड्या?"

"जातील! सगळ्या जातील!"

"ऐकलंत ना रे सगळ्यांनी?"

"ऐकलं!"

दुपारी गाड्या पूल ओलांडून गेल्या. घाणा मात्र दगड झाला होता. दोन्ही काठांच्या माणसांनी कढईभोवती उभं राहून तो छिन्नी-हातोड्यानं फोडला. पुतण्यानंही बाह्या सरसावल्या. ती कढई घंटेसारखी वाजत होती, थेट नाक्यापर्यंत.