नल्लतंबीची कापराची परीक्षा

संगगिरीच्या लॉरीपेठेत नल्लतंबीइतका संशयी माणूस दुसरा नव्हता. समोर आलेला चहासुद्धा तो आधी हुंगायचा, मग प्यायचा. ब्रेकची कामं करणाऱ्याने संशयी असावंच म्हणा, पण घरीही त्याची हीच तऱ्हा. बायको पावायी म्हणायची, "अहो, लग्नात मंगळसूत्राची ताली बांधतानाही तुम्ही गाठ दोनदा ओढून पाहिलीत!"

"मग? सुटली का आजवर?"

एका कापराच्या वाटेला मात्र त्याचा संशय कधी जात नसे. दुरुस्त झालेली लॉरी हलण्याआधी तिथे चाकाखाली लिंबू ठेवतात, कोहळ्यावर कापूर पेटवून तिची दृष्ट काढतात. मागच्या वर्षी नल्लतंबी पेट्रोलने ब्रेकचे ड्रम धूत होता. लॉरीच्या मालकाला कोण घाई! त्याने तिथेच कापूर पेटवला आणि नल्लतंबीचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. तरी त्याने दोष दिला तो पेट्रोललाच.

तेव्हापासून तो धुवायला दुसरं काहीतरी शोधत होता. एक विक्रेता दोन डबे घेऊन आला. लाल डब्यातला स्प्रे चटकन वाळायचा, पण पेट घ्यायचा. निळ्यातला पेटतच नाही, असं तो छातीठोकपणे सांगत होता.

"एवढा गुणी आहे, तर तू नाकाला रुमाल का लावलास?" नल्लतंबीने विचारलं.

"सर्दी झालीय अण्णा."

"या उन्हात?"

शेजारचा वेल्डर सेंगोडन खो खो हसला. "अण्णा, त्याची सर्दीपण तपासून घ्या! माझ्या ठिणग्या दिवसभर उडतात इथे. मला विचाराल तर निळाच घ्या."

नल्लतंबीने दोन बशांत दोन्ही ओतून त्यांत कापराच्या पेटत्या वड्या टाकल्या. लाल डब्यातलं भडकलं. निळ्यातली वडी चुरचुरून विझली. वाकून बघताना त्याचा घसा खवखवला, पण ते त्याने कापराच्या धुरावर घातलं. देवाच्या कापरावर कसला संशय घ्यायचा? निळा डबा दुकानात राहिला.

काही दिवस सगळं छान चाललं. मग एका सकाळी एका लॉरीच्या ब्रेकची लोखंडी पट्टी तडकलेली निघाली. मालक डोक्यावर बसलेला. नल्लतंबीने ती निळ्या स्प्रेने धुतली आणि ओलीच सेंगोडनच्या हातात दिली. वेल्डिंगचा उजेड चमकला, आणि नल्लतंबीच्या नाकाला कुबट वैरणीचा वास आला. अख्ख्या पेठेत गाय नाही, गवताची काडी नाही. सेंगोडन खोकत होता. नल्लतंबीने धावत जाऊन वीज बंद केली आणि त्याला दंड धरून उघड्यावर ओढलं.

"चल दवाखान्यात."

"वैरणीच्या वासासाठी? मी काय बैल आहे?" खोकला थांबला होता. आजूबाजूचे सगळे हसत होते. "अण्णा, ठणठणीत आहे मी."

"त्याचाच मला संशय येतोय," म्हणत नल्लतंबीने त्याला जबरदस्तीने स्कूटरवर बसवलं. निळा डबाही पिशवीत घेतला.

डॉक्टरीणबाईंनी डब्यावरचं वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "यात क्लोरीन आहे. वेल्डिंगच्या आचेत याचा विषारी वायू होतो. आधी माणसाला काहीच झालं नाही असं वाटतं, त्रास काही तासांनी सुरू होतो. मी ठेवून घेते यांना."

संध्याकाळी सेंगोडनला श्वास पुरेना. त्याला प्राणवायू लावला. नल्लतंबी बाहेर पायरीवर बसला होता, आणि त्याला आपला तो खवखवलेला घसा आठवला. सगळ्या जगावर संशय घेतला, आणि नेमका जो घ्यायचा तोच गिळून टाकला. तो हमसून हमसून रडला.

सेंगोडन वाचला. उठून बसायला लागला तेव्हा पावायी त्याच्यासाठी रस्सम घेऊन गेली. नल्लतंबी तिच्यामागे उभा होता.

"निळा टाकला का, अण्णा?"

"टाकला. लाल आणला."

"तो पेटतो की!"

"पेटतो, पण दिसतो तरी. आता कापूर रस्त्यापलीकडे, आणि धुवायचं काम तुझ्या ठिणग्यांपासून लांब. आणि धुतलेला तुकडा खडखडीत वाळल्याशिवाय तुझ्या हातात द्यायचा नाही."

सेंगोडनने मान डोलावली. पावायीने दिलेला पेला त्याने उचलला, नाकाशी नेला, दोनदा हुंगला आणि मगच घोट घेतला.

पावायीला हसू फुटलं. नल्लतंबीने मात्र मान फिरवली. आयुष्यभर आपल्या संशयाला हसणारा माणूस आता रस्समसुद्धा हुंगून पीत होता, आणि हे त्याला नल्लतंबीनेच शिकवलं होतं.