चारशे सतरा नंबर सोडून

आमच्या लातूरच्या सॉफ्टवेअर ऑफिसात किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. जुना प्रोग्राम उघडला की धुळीसारखे अंगावर येतात! आमचं मोठं गिऱ्हाईक एकच, नांदेडचा बारावीचा क्लास. तिथं रोज हजेरी होते आणि गैरहजर पोरांच्या घरी आपोआप मेसेज जातो. हा प्रोग्राम लिहिला ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या मंगळे सरांनी. डेटाबेसला द्यायचे हुकूम त्यांनी प्रोग्रामच्या पोटातच घातलेले, आणि प्रत्येक हुकमाशेजारी त्याचं कारण. "कारण लिहिता येत न्हाई ती ओळ लिहूच नका," हा त्यांचा कायदा.

*

माझा पहिलाच आठवडा. एका मुलीच्या आईचा मोबाईल नंबर बदलायचा होता. मी हुकूम लिहिला, पण 'फक्त हिचाच' ही अट टाकायला विसरलो. सगळ्या क्लासच्या नावापुढं तोच नंबर! त्या दिवशी त्रेसष्ट पोरं गैरहजर होती. देगलूरहून त्या बाईंचा फोन आला, "साहेब, मला एकच पोरगी हाय अन् ती वर्गात बसलीय. ही त्रेसष्ट कुणाची?"

*

शेजारच्या टेबलावरच्या शिल्पानं नव्या प्रवेशांची यादी चढवली. स्क्रीनवर सगळी नावं दिसली, तिनं क्लासला फोन करून सांगूनही टाकलं. प्रोग्राम बंद केला आणि यादी गायब! बदल पक्के करणारा 'कमिट'चा हुकूमच राहिला होता. सर म्हणाले, "सुपारी फुटली म्हणजे लग्न लागलं का? अक्षता पडू द्या की!"

तेव्हापासून आमच्याकडं कमिटला अक्षताच म्हणतात.

*

एकदा 'यादी संपली की थांब' हे सांगायचं राहिलं. प्रोग्राम शेवटचंच नाव धरून बसला आणि त्या एका बापाला मेसेजवर मेसेज! तासाभरात तो पोराला चादरीत गुंडाळून मोटारसायकलवर घेऊन क्लासच्या दारात. "घ्या! ताप हाय तरी आणलाय. आता तरी थांबवा!"

*

मला मात्र कुतूहल होतं ते एका ओळीचं. मेसेज पाठवायच्या हुकमात लिहिलेलं, 'रोल नंबर ४१७ सोडून.' अख्ख्या प्रोग्रामात फक्त तिच्याशेजारी कारण नव्हतं. सर रिटायर होऊन मुदखेडला आपल्या घरी गेलेले. "चालतंय ना? मग हात लावू नको," शिल्पा म्हणायची.

यंदा हदगावचे एक पालक क्लासमध्ये येऊन थडकले. तिथल्या ऑफिसातल्या सुमनताईंनी मला फोन लावून दिला. "पोरगं महिनाभर क्लासला न्हाई, अन् मला एक मेसेज न्हाई! परीक्षा तोंडावर आलीय. त्याचं वर्ष तुम्ही भरून देता का?" मला फार वाईट वाटलं. पोराचा रोल नंबर विचारला. चारशे सतरा!

सुमनताई म्हणाल्या, "अगं बाई! दरवर्षी ह्या नंबरासाठी पोरं भांडतात. मला वाटायचं, लकी असंल."

*

मी सरांना फोन लावून सगळं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "आमची पोरगी वैशू मुदखेडहून त्या क्लासला जायची. तो तिचा नंबर. दर गुरुवारी मी कामाला नांदेडला यायचो, तेव्हा क्लास बुडवून तिला पक्षी बघायला विष्णुपुरीच्या धरणावर मीच न्यायचो. मेसेज तुझ्या काकूच्या मोबाईलवर गेला असता. ती बारावी झाली की ओळ काढणार होतो, राहून गेलं."

"सर, नंबर दरवर्षी नव्या पोराला मिळतो हो!"

"चूक माझीच हाय. उद्या नांदेडला येतो, त्या बापापुढं मीच उभा राहतो. पोराचं राहिलेलं गणितबी परीक्षेपर्यंत मीच घेतो. तू ओळ काढ."

"आणि काढायचं कारण काय लिहू?"

मागून काकूंचा आवाज आला, "कुणाचा फोन हाय हो?"

"ऑफिसचा! जुनं काम!" सर ओरडले. मग एकदम बारीक आवाजात मला म्हणाले, "कारण लिहू नको बाबा. ती अजून विचारती, दर गुरुवारी पोरीच्या बुटाला चिखल कुठून लागायचा!"