गॅसवाल्या वैजयंती मॅडम

बातमी आली तेव्हा मी दाभोळच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट पाहत उभा होतो. फोन श्रीधररावांचा, म्हणजे वैजयंती मॅडमच्या धाकट्या भावाचा. "सावंत, ताई गेली," एवढंच म्हणाले. आजार वर्षभराचा होता, डॉक्टरांनी कल्पनाही दिली होती. तरी बोट आली, माणसं चढली, बोट सुटली आणि मी धक्क्यावरच राहिलो... त्याला आता महिना होऊन गेला.

मॅडम आमच्या गॅस कंपनीच्या कोकणातल्या मुख्य अधिकारी आणि मी तिथल्या कामगार युनियनचा सरचिटणीस. टेबलाच्या त्या बाजूला त्या, या बाजूला मी. परदेशातून जहाजाने येणारा गॅस किनाऱ्यावरून नळीने लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना आणि चिपळुणातल्या स्वयंपाकघरांना पोहोचवायचा, हे आमचं काम. आधीचे साहेब दिल्लीहून यायचे, अंजनवेलला जाऊन गोपाळगड बघायचे आणि दोन पावसाळे काढले की बदली मागायचे. मॅडम रत्नागिरीच्याच. अर्धं आयुष्य समुद्रातल्या तेलविहिरींवर आणि परराज्यांतल्या रिफायनऱ्यांत घालवून त्या मुद्दाम इकडे आल्या होत्या. पहिल्याच बैठकीला मी मागण्यांचा कागद पुढे सरकवला, तर तो त्यांनी बाजूला ठेवला. "हे वाचतेच. पण आधी सांगा सावंत, दहा वर्षांनी ही कंपनी असेल का?" मी म्हटलं, कोणाला ठाऊक! त्या शांतपणे म्हणाल्या, "मलाही ठाऊक नाही. म्हणून तर विचारतेय." साहेब लोकांना 'ठाऊक नाही' म्हणताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

पुढच्याच पावसाळ्यात वाशिष्ठी चढली. आमची मोठी नळी नदीच्या पात्राखालून जाते. पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरायला लागलं तेव्हा नळी बंद करायची की चालू ठेवायची, हा प्रश्न आला. चालू ठेवली आणि पुरात फुटली तर गॅस बाहेर पडणार; बंद केली तर लोट्यातले बॉयलर थंड पडणार, आतला माल वाया जाणार. कारखानदारांचे फोनवर फोन येत होते, मुख्य कार्यालय म्हणत होतं, थोडं थांबा, बघू. मॅडमनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि गॅस बंद करायला सांगितला. फोनवर एवढंच बोलल्या, "निर्णय माझा आहे, माझ्या नावावर लिहा." पाणी ओसरल्यावर तपासणी झाली, तर नळी शाबूत. ओरखडासुद्धा नाही. मग संचालकांनी त्यांना मुंबईला बोलावून फैलावर घेतलं. उगाच बंद केलीत, नुकसानीला जबाबदार कोण, वगैरे. त्या परत आल्यावर मी विचारलं, तुम्ही काय सांगितलंत? म्हणाल्या, "सांगितलं, पुन्हा तसं पाणी आलं तर पुन्हा बंद करीन." आणि गाळाने भरलेल्या चिपळूणच्या ऑफिसात फावडी मारणाऱ्या माणसांत जाऊन उभ्या राहिल्या. गावात त्यांना 'गॅसवाल्या मॅडम' म्हणायला लागले ते तेव्हापासून.

खरी परीक्षा पुढे होती. परदेशात लढाई पेटली आणि गॅसचे भाव असे भडकले की लोट्यातले कारखाने एकेक करून पुन्हा लाकडाकडे, कोळशाकडे वळले. मुख्य कार्यालयाने फर्मान काढलं, निम्मी माणसं कमी करा. मॅडम कोणाची नावं द्यायला तयार होईनात. त्यांनी उलटा प्रस्ताव ठेवला. शेण, मासळीबाजारातला कचरा, आंब्याच्या कॅनिंगमधल्या साली आणि कोयी, यांपासून गॅस करायचा आणि तो आपल्याच नळीत सोडायचा. संचालक हसले. खरं सांगायचं तर आमची माणसं हसलीसुद्धा नाहीत, ती चिडली. गेटवर सभा झाली. तुकाराम नावाचा आमचा जुना फिटर, एरवी तोंड न उघडणारा, तो पुढे येऊन म्हणाला, "मॅडम, आमी काय आता शेणात हात घालायचे?" मीही युनियनतर्फे विरोध नोंदवला. मॅडम स्टुलावर वगैरे चढल्या नाहीत, तुकारामसमोर उभ्या राहिल्या. "नळीला काय कळतं, गॅस आखातातून आलाय की गोठ्यातून? जोड मारणारे हात तुमचेच लागणार. ते हात घालवून मी कंपनी चालवू शकत नाही." मग म्हणाल्या, "जमेलच असं वचन देत नाही. पण माणसं काढायचीच झाली, तर पहिली मी जाईन."

तसंच त्यांनी वरही कळवलं. वर बराच काळ कागद फिरत राहिले... आणि अखेर एका प्रकल्पापुरती परवानगी आली. सगळं गोड झालं असं नाही. काहीजण वाट बघून कंटाळले आणि आखातात गेले. पहिला प्रकल्प दोनदा बंद पडला, वासाने शेजारच्या वाडीने रस्ता अडवला, तेव्हा मॅडम वाडीत जाऊन अंगणात बसल्या आणि टाक्यांना झाकणं बसेपर्यंत कचऱ्याच्या गाड्या थांबवल्या. पण कंपनीने कोणाला घरी पाठवलं नाही. दुसरा प्रकल्प उभा राहत होता त्या सुमारास त्यांचा आजार कळला. उपचाराने केस गेले होते, डोक्याला सुती ओढणी गुंडाळून त्या तिथला पहिला गॅस सोडायला आल्या, आणि चावी फिरवायला त्यांनी तुकारामला पुढे केलं.

शेवटची भेट रत्नागिरीत, त्यांच्या घरच्या पडवीत. आवाज खोल गेला होता. मी तब्येतीचं विचारत होतो, त्या तिसऱ्या प्रकल्पाच्या जागेचं. निघताना म्हणाल्या, "नवीन साहेबांशी भांडा, पण त्यांना एकटं पाडू नका."

नवीन साहेब भले आहेत. गेल्या आठवड्यात त्याच तिसऱ्या प्रकल्पाची बैठक होती. खेडजवळची जागा ठरली, साहेबांनी फाइल मिटली आणि ते उठले. बाकी कोणीच उठलं नाही. मॅडमच्या काळात निर्णय झाला की त्या विचारायच्या, आता याच्या विरोधात कोण बोलणार? कोणीतरी बोलल्याशिवाय बैठक संपायची नाही. ते अंगात इतकं मुरलेलं की सगळे बसूनच राहिले. साहेब गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "साहेब, अजून विरोधात कोणी बोललेलं नाही."

त्यांनी फाइल पुन्हा उघडली. मग ते खुर्ची पुढे ओढून बसले आणि म्हणाले, "बोला."

टेबलाच्या टोकाला कामगारांच्या बाजूने आलेला तुकाराम बसला होता. त्याने घसा खाकरला आणि त्या जागेत पावसाचं पाणी कसं साचतं, ते सांगायला सुरुवात केली.