अकरावा रकाना

रविवार, नऊ नोव्हेंबर, परतूर. माझा धाकटा भाऊ मिलिंद गेला, त्याचं पुण्यानुमोदन. हजर: आई, मिलिंदची बायको रेखा, आम्ही दोघी बहिणी, आष्टीचे मामा, भन्तेजी, मिलिंदनं ज्यांचे पोटगीचे अर्ज लिहून दिले अशा सात-आठ बाया आणि कोर्टातले चार वकील. त्या चौघांतला एक मिलिंदचा वसतिगृहापासूनचा मित्र. त्याचं नाव इथं लिहीत नाही, त्यालाही लेकरंबाळं आहेत. तो बोलायला उठला. "मिलिंद आमच्यात सगळ्यात हुशार. काळा कोट खरं तर त्यालाच शोभला असता." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चहाचे कप मोजत बसले.

कॉलेजला असताना वसतिगृहाला पाणी नव्हतं म्हणून नऊ पोरं रस्त्यावर बसली होती. दोन तास एसट्या थांबल्या आणि नऊही जणांवर गुन्हा दाखल झाला. त्यात मिलिंद होता, हा मित्रही होता. सहा वर्षं तारखा झाल्या, मग सगळे निर्दोष सुटले. मित्र लवकर वकील झाला. मिलिंदवर घर होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली नोकरी सांभाळून, जालन्याला जाऊन-येऊन, चाळिशीला टेकल्यावर त्यानं कायद्याची पदवी घेतली. नोकरी करणाऱ्याला वकिलीची सनद मिळत नाही, म्हणून राजीनामा दिला. राजीनाम्याची तारीख मीच ठरवून दिली. कागदांची यादीही माझीच होती: गुणपत्रिका, जातीचा दाखला, चारित्र्याची दोन प्रमाणपत्रं, कोटातले फोटो. शाळेच्या ऑफिसात सव्वीस वर्षं मी दुसरं केलंय काय?

सनदेचा अर्ज माझ्या घरी भरला. मित्रही आला होता. अकराव्या रकान्यात प्रश्न होता, आपल्याविरुद्ध कधी फौजदारी गुन्हा नोंदला गेला होता काय?

"न्हाई लिव्ह," मित्र म्हणाला. "निर्दोष सुटलोत ना? मंग गुन्हा कुठं राह्यला? म्या तेच लिव्हलं, बारा वर्षं झाले, कुनी इचारलं न्हाई."

मी म्हणाले, "कधी, असं विचारलंय. खोट्या कागदावर वकील व्हायचं का?"

मिलिंद हसला. "दोस्ता, तू जिल्हा कोर्टात सुटशील, अक्काच्या कोर्टात बिलकुल न्हाई." आणि त्यानं 'होय' लिहिलं. निकालाची प्रत मी माझ्या हातानं टाचली.

त्याच्याबरोबर पदवी घेतलेल्या बाकीच्यांच्या सनदा आल्या. मिलिंदची फाईल त्या 'होय'मुळं चौकशी समितीकडं गेली. समितीनं मूळ फिर्यादीची प्रत मागितली. पोलीस ठाण्यात गेलो तर जुनं रेकॉर्ड नष्ट झालेलं. मंग तसं लेखी द्या, मिलिंद म्हणाला. लेखी द्यायला वरून आदेश पाहिजे, ते म्हणाले. वर पत्र लिहिलं... उत्तर आलं नाही. असं चार वर्षं. सनदेचा नंबर नाही म्हणून वकिलीच्या परीक्षेलाही बसता येईना. त्या परीक्षेत कायद्याची पुस्तकं जवळ ठेवता येतात, पण कोरी, आत एक खूणही चालत नाही. वर्तमानपत्राच्या कडेलासुद्धा गिचमिड करणारा हा माणूस, पण त्या पुस्तकांना त्यानं पेन्सिल लावली नाही. मधे फौजदारी कायदेच बदलले. नवी पुस्तकं आणून तीही त्यानं तशीच कोरी ठेवली. "कलमं बदलली अक्का, माझी फाईल तेवढी कायम हाय." पोटापुरतं मित्राच्या ऑफिसात अर्ज लिहायचा. लिहिणार मिलिंद, सही मित्राची, कोर्टात उभा मित्र.

ऑक्टोबरात घनसावंगीच्या जीपमध्ये त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या जेवणात मित्र माझ्याजवळ आला. "अक्का, तवा माझं ऐकलं असतं तर..."

"तर काय, वकीलसाहेब?"

"काही न्हाई. जेवून घ्या."

आई शेजारीच होती. ती पानावरून मान वर न करता म्हणाली, "त्यानं खरं लिव्हलं म्हणून पाठ थोपटू, का तुला बोल लावू? तूच सांग." मी भात वाढायला उठले. मी चुकले असते तर रडून मोकळी झाले असते. चुकले नव्हते, हेच घशाखाली उतरत नाही.

आठ दिवसांनी समितीचं पत्र आलं. न्यायालयाचा निकाल पुरेसा मानण्यात आला आहे, फिर्यादीच्या प्रतीची गरज नाही. त्यानंतर नवा गुन्हा नोंदला गेलेला नाही, एवढं निवेदन अर्जदारानं स्वतःच्या सहीनं, तारीख घालून, तीस दिवसांत पाठवावं. म्हणजे सनद देता येईल.

मिलिंद सतत गावोगाव असायचा, ऐनवेळी खोळंबा नको म्हणून मी त्याच्याकडून कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन ठेवत असे. त्यातला एक कागद उरलाय. खाली उजवीकडं त्याची तिरपी सही आहे, 'मिलिंद'च्या वेलांट्या एकमेकींत अडकलेल्या. रेखानं तो पाहिला. "अक्का, लिहा. परीक्षा न्हाई तर न्हाई, सनद तरी भिंतीला लावू. पोरीला दाखवायला होईल."

निवेदन चार ओळींचं आहे. चारही ओळी खऱ्या आहेत. तारीख तेवढी खोटी, तो गेल्यानंतरची घालावी लागेल. ती मी घातलेली नाही आणि कागद फाडलेलाही नाही. मुदत येत्या शुक्रवारपर्यंत आहे.